नोंदणी कुठं करू: मुंबई, दिल्ली की कर्नाटक?

प्रश्न : मॅडम, मी सोलापूरच्या वैशंपायन मेडिकलमधून एमबीबीएस झाले. सिव्हिलमधली इंटर्नशिप गेल्या महिन्यात संपली. वय २४. आर्मी मेडिकल कोअरच्या शॉर्ट सर्व्हिसचा (ठरावीक वर्षांच्या नोकरीचा) अर्ज भरायचाय, त्याला मेडिकल कौन्सिलची कायमस्वरूपी नोंदणी लागते. मामा विजापूरला असतात. ते म्हणतात, कर्नाटकात कर, मी सगळं बघतो. एक सीनियर म्हणतो, फौजेत जायचं तर दिल्लीचीच घे. अमेरिकेतले लष्करी डॉक्टर म्हणे फी कमी असलेलं राज्य बघून लायसन काढतात. आजोबांचं तिसरंच : ‘‘भैय्या चौकातले डॉ. कोटणीस चीनला गेले, ते कुठल्या कौन्सिलला विचारून?’’ मी काय करू?
– एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : मुंबईच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये कर. तुझी इंटर्नशिपची तात्पुरती नोंदणी इथली, पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. दुसऱ्या राज्यात जायचं तर आधी इथूनच ना-हरकत आणावी लागेल. मग उगाच वळसा कशाला?

अमेरिकेचं तू ऐकलंस ते खरं आहे. तिथं प्रत्येक राज्याचं लायसन वेगळं असतं, पण लष्करी डॉक्टरला सरकारी दवाखान्यात काम करायला कुठल्याही एका राज्याचं पुरतं. मग माणूस स्वस्त आणि कमी कटकटीचं राज्य बघणारच. आपल्याकडेही फौजेच्या अर्जाला कुठल्याही राज्याची नोंदणी चालते. त्यामुळं आत शिरताना काही फरक पडत नाही, पडतो तो बाहेर पडताना.

सीनियरचं म्हणणं मला कधीच कळलेलं नाही. दर दोन-तीन वर्षांनी पोस्टिंग बदलणार. मीही फौजेत डॉक्टर होते; भटिंडा, तेजपूर, लेह केलं. प्रत्येक ठिकाणी नोंदणी हलवत बसले असते तर रुग्ण कधी बघितले असते? आणि हलवून करायचं काय? नोकरीत खासगी प्रॅक्टिस करायचीच नसते, त्यासाठी तर मूळ पगाराच्या २० टक्के एनपीए, म्हणजे प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता मिळतो. नोंदणी एका जागी ठेव आणि ती जिवंत ठेव. माझं घोडं पेंड खाल्लं ते या दुसऱ्या गोष्टीत.

नोंदणी केली तेव्हा मी माहेरच्या नावाची होते. पुढं लग्न झालं, फौजेच्या कागदांवर नाव बदललं. पुण्याला एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात एमडी केलं, आधी ग्रेडेड आणि मग क्लासिफाइड स्पेशालिस्ट, अशा फौजेतल्या तज्ज्ञ डॉक्टरच्या पायऱ्या चढले. युनिटमध्ये सगळे मला मेडिसिनची डॉक्टर म्हणून ओळखत होते. कौन्सिलच्या रजिस्टरात मात्र मी अजून माहेरचं नाव लावणारी साधी एमबीबीएस. निवृत्त होऊन सोलापूरला आले, एका खासगी रुग्णालयात रुजू व्हायला गेले. तिथल्या क्लार्कनं माझं मूळ सर्टिफिकेट उजेडाकडं धरलं. त्यावर बरोबर शिक्क्यावर पिवळा डाग. आईनं एकदा काळ्या ट्रंकेत कागदांवरच शेंगाचटणीचा डबा ठेवला होता, तेल उतरलं. तो म्हणाला, ‘‘मॅडम, डागाचं जाऊ द्या, ह्या बाई कोण?’’ नाव बदलून घेणं, एमडीची जादा पदवी नोंदवणं, राहिलेलं नूतनीकरण, यात चार महिने गेले. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईच्या दोन खेपा झाल्या. दोष कुणाचा? माझाच. वीस वर्षांत एक अर्ज करायला मला सवड झाली नव्हती.

म्हणून पदवी हातात पडली की ती नोंदवून घे, लग्नानंतर नाव बदललंस तर तेही. नाहीच बदललंस तर आणखी बरं, पण हे माझं वैयक्तिक मत.

आता नूतनीकरण. आपल्या कौन्सिलची नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात, ते सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांना, हजर राहून मिळतात. फील्डमध्ये, म्हणजे सीमेकडच्या पोस्टिंगवर, हे कुठून आणणार? तिथं सीएमई सोड, पेपरही दोन दिवसांनी येतो. तेव्हा पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगवर असतानाच गोळा कर. मोठ्या लष्करी रुग्णालयांत सीएमई होत राहतात; पॉइंट कुठल्या कौन्सिलचे आहेत ते नाव नोंदवतानाच विचार आणि सर्टिफिकेटचा लगेच फोटो काढून ठेव. शॉर्ट सर्व्हिसची मुदत पहिली ५ वर्षं, पुढं वाढवली तर एकूण १४. म्हणजे तुझं पहिलं नूतनीकरण नेमकं राहायचं की परतायचं हे ठरवायच्या तोंडावर येणार. तेव्हा पॉइंट कमी पडले तर ‘राहा’ असं कागदच ठरवतील.

निवड झाल्यावर लखनौच्या बेसिक कोर्सला जाण्याआधी नॅशनल मेडिकल रजिस्टरचं, म्हणजे देशभरातल्या डॉक्टरांच्या एकत्र नोंदवहीचंही बघ. ते पोर्टल ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालं, आधारला जोडलेलं आहे. आधार, पदवी आणि नोंदणी या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आत्ताच ताडून घे. वर्दी घातली म्हणून नोंदणीतून सुटका नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याप्रमाणे रजिस्टरात नाव असेल तरच वैद्यकीय दाखल्यावर सही करता येते आणि कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येते. नाव नसताना प्रॅक्टिस केली तर वर्षभरापर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आजोबांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, कोटणीस १९३८ ला गेले आणि १९४२ ला तिकडेच वारले. परत येऊन सात रस्त्याला दवाखाना टाकायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. तुला यायचंय. आल्यावर चार खाटा टाकल्यास तरी महापालिकेत नर्सिंग होमची नोंदणी करावी लागेल, आणि तिथं पहिला कागद मागतील तो हाच.

अर्जात पत्ता विजापूर रोडचाच लिही, हॉस्टेलचा नको. मी हॉस्टेलचा दिला होता.