बंडखोरांचे आरमार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वसाहतींनी स्वतःचे नौदल उभारले. ब्रिटिशांपुढे ते टिकले का?

उत्तर : नाही. 13 ऑक्टोबर 1775 रोजी वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, आरमार उभारायला सुरुवात केली आणि डिसेंबरमध्ये 13 फ्रिगेट (मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौका) बांधायचे ठरवले. 1781 संपेपर्यंत त्यांतले एकही अमेरिकेकडे उरले नव्हते. त्यांतले ‘रँडॉल्फ’ 64 तोफांच्या ब्रिटिश ‘यार्माउथ’शी भिडले आणि तोफांच्या दारूचा साठा पेटून उडाले, तीनशेहून अधिक माणसांतली चार वाचली. चार फ्रिगेट तर समुद्र न बघताच गेली : शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून दोन हडसन नदीत जाळण्यात आली आणि दोन डेलावेअर नदीत ब्रिटिशांच्या धाडीत नष्ट झाली. ब्रिटिश सैन्य जिथे शरण आले, त्या यॉर्कटाउनच्या वेढ्याचा निकाल ठरवणारी समुद्रावरची लढाई अमेरिकेच्या बाजूने उतरलेल्या फ्रेंचांनी मारली. 5 सप्टेंबर 1781 ला चेसापीक उपसागराच्या तोंडाशी त्यांची 24 मोठी जहाजे होती, ब्रिटिशांची 19.

प्रश्न : इंग्रज आंग्र्यांना चाचे म्हणत. अमेरिकेची खासगी जहाजेही लूटच करत होती ना?

उत्तर : लूट होती, पण शत्रूची जहाजे पकडण्याच्या सरकारी परवान्याची. काँग्रेसने असे सुमारे 1,700 परवाने दिले. जहाजमालक जामीन भरत असे आणि पकडलेले जहाज आधी न्यायालयात उभे राही. ब्रिटिशांनी मात्र 1777 मध्ये कायदा करून या खलाशांना चाचे ठरवले आणि खटल्याविना तुरुंगात डांबले. सोयीचे लेबल, दुसरे काय!

खरी झळ बसली ती अमेरिकेच्याच नौदलाला. तिथे पकडलेल्या मालाचा मोठा हिस्सा सरकार ठेवी, खासगी जहाजावर तो मालक आणि खलाशी वाटून घेत. मग फ्रिगेटवर भरती व्हायला कोण येणार? माझ्या मते ब्रिटिश व्यापाऱ्यांना जेरीस आणले ते याच लोकांनी, नौदलाने नव्हे.

प्रश्न : अमेरिकी नौदलाचा कप्तान जॉन पॉल जोन्स याचे जहाज बुडाले, तरी विजय त्याचा कसा?

उत्तर : त्याचे ‘बोनोम रिशार’ हे मुळात पूर्वेच्या व्यापारातले जुने फ्रेंच जहाज. 23 सप्टेंबर 1779 च्या संध्याकाळी इंग्लंडच्या फ्लॅमबरो हेडजवळ त्याची गाठ ब्रिटिश युद्धनौका ‘सेरापिस’शी पडली. सुरुवातीलाच जोन्सच्या खालच्या मजल्यावरच्या जुन्या 18 पौंडी तोफा फुटल्या आणि आपलीच माणसे मेली. तोफांच्या मारामारीत निभाव लागणार नाही हे ओळखून त्याने दोन्ही जहाजे एकमेकांना बांधून टाकली. खाली ब्रिटिश तोफा त्याच्या जहाजाची चाळण करत होत्या. वर डोलकाठ्यांवरून त्याच्या बंदूकबाजांनी ‘सेरापिस’चा डेक मोकळा केला. एक खलाशी आडकाठीवरून सरकत गेला आणि त्याने उघड्या झडपेतून हातबाँब टाकला. खाली रचलेली काडतुसे पेटली. कप्तान पिअर्सनने स्वतःच्या हाताने निशाण उतरवले. जोन्स ‘सेरापिस’वर गेला, त्याचे जहाज 25 तारखेला बुडाले.

‘मी अजून लढायला सुरुवातच केलेली नाही’ हे त्याचे गाजलेले वाक्य अनेक वर्षांनंतरच्या आठवणींतून आले आहे, तेव्हा ते जपूनच वापरावे. आणि पिअर्सनला हरूनही ‘सर’ किताब मिळाला, कारण तो ज्या व्यापारी ताफ्याचे रक्षण करत होता, तो सुखरूप निसटला होता.

प्रश्न : या युद्धाशी मुंबईचा काही संबंध?

उत्तर : होता, आणि तो गोदीचा. फ्रान्स युद्धात उतरल्यावर बंगालच्या उपसागरात फ्रेंच अॅडमिरल सुफ्रेन आणि ब्रिटिश अॅडमिरल ह्यूज यांच्यात 1782-83 मध्ये पाच लढाया झाल्या. 1782 च्या अखेरीस ह्यूज जहाजे दुरुस्तीला मुंबईत घेऊन आला. इथे कंपनीची सुकी गोदी होती, म्हणजे पाणी उपसून जहाजाचा तळ दुरुस्त करता येईल अशी. सुफ्रेनकडे श्रीलंकेतले त्रिंकोमाली बंदर होते, पण सुकी गोदी नव्हती. तो सुमात्रातल्या आचेला गेला. पाचवी लढाई 20 जून 1783 ला तामिळनाडूतल्या कडलोरपाशी झाली. युरोपात तहाच्या प्राथमिक कलमांवर जानेवारीतच सह्या झाल्या होत्या. बातमी इथे पोहोचायची होती.