वाचकांचे प्रश्न : कॉर्ड बदलते, बोटं मात्र तिथंच

प्रश्न : पेटी शिकलो आहे, आता कीबोर्डवर ‘ऑटम लीव्ज’ हे जॅझमधलं गाणं वाजवतो. सगळे स्वर बी फ्लॅट मेजरचे दिसतात, म्हणून तीच स्केल धरून मनानं वाजवतो. बेसूर होत नाही, पण जॅझही वाटत नाही. असं का?

उत्तर : कारण कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) कधी बदलली हे तुमच्या वाजवण्यातून कळतच नाही. जोसेफ कोस्मा यांच्या या चालीचे जी मायनरमधले पहिले आठ बार (चार मात्रांचा एक) असे : सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन, बी फ्लॅट मेजर सेव्हन, ई फ्लॅट मेजर सेव्हन, ए हाफ-डिमिनिश्ड, डी सेव्हन आणि दोन बार जी मायनर. पहिल्या तीन कॉर्ड बी फ्लॅटच्या घरी पोचवतात, शेवटच्या तीन जी मायनरच्या. ई फ्लॅट हा मधला जिना. ३२ बारचं गाणं मुख्यतः याच दोन वाटांनी फिरतं.

कॉर्डची ओळख तिच्या मूळ स्वरापासून मोजलेल्या तिसऱ्या आणि सातव्या स्वरात असते. सी मायनरमध्ये ते ई फ्लॅट आणि बी फ्लॅट. एफ सेव्हनवर ई फ्लॅट हलत नाही, बी फ्लॅट उतरून ए होतो. पुढे ए थांबतो, ई फ्लॅटचा डी. मग ए चा जी, डी चा सी, जी चा एफ शार्प. दर बारला एकच बोट खाली सरकतं. जी मायनरवर सी उतरून बी फ्लॅट होतो, एफ शार्प चढून जी.

गोची या एफ शार्पची आहे. तो तुमच्या स्केलमध्ये नाही. जी ला सा मानलं, तर तुम्ही आसावरी थाटाचे स्वर वाजवताय. डी सेव्हनच्या बारात शुद्ध निषाद (तोच एफ शार्प) हवा, म्हणजे कीरवाणीचे स्वर. फक्त स्वरच घ्या, राग नको. न्यास (ठहराव) सा वर होऊ लागला की कॉर्ड पुन्हा हरवते.

मेट्रोनोम ४० वर ठेवून टोले दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचे माना. लय ८० ची होते. डाव्या हातात कॉर्डचा मूळ स्वर, उजव्यात आधी सांगितलेली तिसऱ्या-सातव्या स्वरांची साखळी, न अडखळता दहा वेळा. नंतर प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर फक्त तिसरा स्वर : ई फ्लॅट, ए, डी, जी, सी, एफ शार्प, बी फ्लॅट. तो बसला की आधीच्या बारच्या चौथ्या मात्रेवर त्याच्या अर्धा स्वर खालचा लावा, जसं ए च्या आधी जी शार्प. स्केलबाहेरचा असूनही तो खटकत नाही. पण ए वर पोचायला उशीर झाला, तर चूकच ऐकू येते.

छापील प्रत ई मायनरमध्ये असेल, तर सगळं तीन अर्धस्वर खाली घ्या.