‘थ्रिप्स’चं एकवचन ‘थ्रिप’ नव्हे

थ्रिप्स म्हणजे मराठीत फुलकिडे, अगदी बारीक कीटक. प्रश्न असा आहे: पानावर त्यांतला एकच परभक्षी, म्हणजे दुसरे कीटक खाणारा, दिसला तर त्याला ‘थ्रिप’ म्हणायचं का? आणि फुलं न खाणाऱ्या अशा जातींना ‘फुलकिडे’ म्हणणं योग्य का?

‘थ्रिप’ अजिबात म्हणू नका. ‘एक थ्रिप, दोन थ्रिप्स’ ऐकून कान किटलेत. मूळ शब्द ग्रीक, अर्थ लाकूड पोखरणारा किडा. सजीवांच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं १७५८ साली तो या कीटकांना दिला. त्यातला ‘स्’ इंग्रजी अनेकवचनाचा नाही, ग्रीक प्रथमेच्या एकवचनाचा आहे. ‘देवः’, ‘गरुडः’ यांतला विसर्ग ज्या ‘स्’पासून येतो, तोच हा. म्हणजे एकवचनाची खूण छाटून एकवचन बनवायचं! ‘मूळ अंग (प्रत्यय लागण्याआधीचं रूप) थ्रिप्च आहे’ असं सांगून काही व्याकरणपंडित ‘थ्रिप’ची बाजू घेतात. मग त्यांनी ‘बायसेप्स’चंही ‘बायसेप’ करावं. आपण शब्द उचलला तो अख्खा उचलला, अंग सोलून नव्हे.

गरुडाचं नाव मुद्दाम घेतलं. रामकृष्ण अय्यर आणि मार्गबंधू या कीटकतज्ज्ञांनी १९३१ मध्ये भारतातल्या एका अल्पपरिचित जातीचं नाव ठेवलं मायमारोथ्रिप्स गरुडा. ‘मायमार’ हा अतिसूक्ष्म परजीवी कीटक. त्याचा पंख देठासारखा बारीक आणि टोकाला वल्ह्यासारखा रुंद. या थ्रिप्सचा पुढचा पंखही तळाशी अरुंद, टोकाकडे पसरट. मग ‘गरुड’ही पंखांवरूनच आला असेल? हे सोपं उत्तर मला पटत नाही. पंखांचं काम ‘मायमारो’नं आधीच केलंय. गरुड आणि नाग एकाच कश्यपाची मुलं, आया कद्रू आणि विनता सख्ख्या बहिणी, आणि तरी गरुडाचं खाद्य नाग. एओलोथ्रिपिडी या मायमारोथ्रिप्सच्या कुळातल्या बऱ्याच जाती नेमकं हेच करतात: भाऊबंद थ्रिप्सना खातात. दक्षिणेतल्या संशोधकांना ही कथा ठाऊक नसेल, हे मी मानायला तयार नाही.

ओळखायचं तर सूक्ष्मदर्शक हवा. या कुळात शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) नऊ खंडांच्या असतात, आणि मादीची अंडी घालायची करवत वर वळलेली असते. कांद्यावरच्या थ्रिप्सची खाली वळते.

‘फुलकिडे’ चालेल, मागे ‘परभक्षी’ लावा.