त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती जरूर द्या, पण २० लाख अडकवून नको

प्रश्न थोडक्यात असा : सोलापूरच्या एक वाचक, वय ६४. यजमानांनी ३५ वर्षं वृत्तपत्रात बातमीदारी केली, गेल्या वर्षी ते गेले. घर स्वतःचं. बँकेत २८ लाखांच्या ठेवी, शिवाय विम्याचे १४ लाख आलेत. ईपीएसचं (भविष्यनिर्वाह निधीच्या निवृत्तिवेतन योजनेचं) पेन्शन महिना १,९०० रुपये, घरखर्च २४ हजार. यजमानांच्या नावाने २० लाखांचा ट्रस्ट करून पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यायची आहे. त्यांचे जुने सहकारीही वर्गणी काढायला तयार आहेत. मुलगा म्हणतो, ‘आई, तुला हवं ते कर.’

ताई, मुलाचं हे वाक्य प्रेमाचं आहे, पण त्यात हिशेब नाही. तो आपण करू.

२० लाख बाजूला काढले तर हाती २२ लाख राहतात. ते सगळे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले आणि व्याज ८.२ टक्के धरलं, तर महिन्याला साधारण १५ हजार येतील. पेन्शन मिळवून १७ हजारांच्या आत. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून ७ हजारांची तूट, आणि दवाखान्याचा खर्च अजून यात धरलेलाच नाही. महागाई ६ टक्के धरली तर आजचे २४ हजार बारा वर्षांनी ४८ हजार होतात. तेव्हा तुम्ही ७६ वर्षांच्या असाल. एकदा ट्रस्टला दिलेले पैसे त्या दिवशी परत मागता येत नाहीत.

उलट, पैसे स्वतःकडेच ठेवले तर? या योजनेत एका व्यक्तीला जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात. तेवढे ठेवा, त्याचे महिना २०,५०० होतात. उरलेल्या १२ लाखांवर बँकेत ७ टक्के धरले तर आणखी ७ हजार. पेन्शनसकट २९,४००. खर्च वजा जाता महिना ५,४०० उरतात. वर्षाला ४० हजार शिष्यवृत्तीला दिले तरी आजारपणासाठी थोडं मागे पडतं, आणि मुद्दलाला हात लागत नाही.

ट्रस्टबद्दल. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट, एखादा विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, प्राप्तिकराची वेगळी नोंदणी आणि तिचं नूतनीकरण. एवढ्याशा निधीला हा संसार झेपत नाही. सीएची फी आणि हेलपाटे यांतच व्याजाचा मोठा घास जातो. ‘८०जी’ची, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकर सवलत मिळेल असं कुणी सांगितलं असेल, तर तिचा तुम्हाला उपयोग नाही. तुमचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे नव्या करप्रणालीत ४ लाखांच्या आत. कर लागतच नाही, मग सूट कशातून मिळणार?

आता वर्गणी. इथे मात्र मी ठामपणे ‘नको’ म्हणेन. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळालेली रक्कम एकूण ५० हजारांच्या वर गेली, की ती सगळीच तुमचं उत्पन्न धरली जाते. फक्त वरची नव्हे, सगळी. त्यातून उद्या कुणी हिशेब विचारला तर नात्यांत कटुता येते ती वेगळीच. सहकाऱ्यांना सांगा, पैसे थेट विद्यापीठाकडे द्या आणि पावती घ्या.

माझा आराखडा असा. पहिली तीन वर्षं ट्रस्टही नको, कायमनिधीही (मुद्दल तसंच ठेवून फक्त व्याज वापरायचा निधी) नको. दरवर्षी स्वतःच्या खात्यातून ४० हजार द्या, दोघांना २०-२० हजार. तुमच्याच गावच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. विभागप्रमुखांना भेटा. फीसाठी पैसे देण्यापेक्षा इंटर्नशिपच्या काळातल्या खोलीभाड्याला आणि प्रवासाला द्या, असं मी सुचवेन. इंटर्नला पुष्कळदा मानधनच नसतं, आणि खेड्यातून आलेलं पोर तिथेच गळतं. अर्धे पैसे निवडीच्या वेळी, उरलेले तालुक्यात फिरून केलेलं एक वार्तांकन हाती आल्यावर. तुमचे यजमान जिल्ह्याचे बातमीदार होते, त्यांना हे रुचलं असतं असं मला वाटतं.

वाटपाला ६ जानेवारी धरा. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं, म्हणून तो पत्रकार दिन. समारंभ मात्र साधा ठेवा. हॉल, शाल-श्रीफळ आणि फराळ यांवर शिष्यवृत्तीहून जास्त खर्च झालेला मी पाहिला आहे.

तीन वर्षांनी समाधान वाटलं, तर विद्यापीठाला ५ लाखांचा देणगी निधी द्या. मग दरवर्षीचे ४० हजार थांबवायचे. त्या निधीचं व्याजच शिष्यवृत्ती होईल. करारात एक अट आवर्जून घाला : सगळं व्याज वाटायचं नाही, काही भाग मुद्दलात मिसळायचा, आणि पात्र विद्यार्थी नसेल त्या वर्षी सगळंच मिसळायचं. नाहीतर काय होतं? समजा ४० वर्षांपूर्वी कुणी ५ हजार ठेवले असतील, तर ७ टक्क्यांनी आज त्याचे ३५० रुपये येतात. नाव फलकावर राहतं, आणि विद्यार्थ्याच्या हाती रिक्षाभाडं पडतं. अभ्यासक्रम बंद पडला तर निधी कुठे जाईल, हेही लिहून घ्या.

राहिलेली इच्छा मृत्युपत्रात लिहा. ‘माझ्या पश्चात आणखी १० लाख याच निधीला’ एवढं पुरे. साक्षीदार दोन, आणि दोघांपैकी कुणालाही त्यात वाटा नको. मुलाला मसुदा आधी वाचायला द्या, आणि ‘तुला हवं ते कर’ हे त्याला आकडे पाहून एकदा पुन्हा म्हणू द्या.