वाचकांचे प्रश्न : एकाच पक्ष्याच्या दोन चोची

प्रश्न : आफ्रिकेतील पक्ष्यांच्या एका चित्रसंग्रहात ‘काळ्या पोटाचा सीडक्रॅकर’ या एकाच नावाखाली दोन पक्षी दाखवले आहेत. एकाची चोच बेताची आहे, तर दुसऱ्याची चांगलीच जाडजूड. हा नर-मादीतील फरक समजायचा, की चित्रकाराची चूक?

उत्तर : चित्रकाराला दोष देऊ नये. नर आणि मादी रंगावरून ओळखता येतात: दोघांचेही डोके व छाती लालभडक असते, पण उरलेले अंग नराचे काळे आणि मादीचे तपकिरी असते. चोचीचे माप मात्र लिंगावर अवलंबून नसते, वयावरही नसते. लहान चोचीचा नर आणि मोठ्या चोचीची मादी खुशाल जोडी जमवतात. एकेकाळी या मापांवरून निरनिराळ्या उपजातीही मानल्या गेल्या होत्या.

आपल्या मुनियांच्याच कुळातला हा पक्षी मध्य व पश्चिम आफ्रिकेतील वर्षावनांच्या कडेला, दलदलीच्या जागी राहतो. त्याचे मुख्य अन्न म्हणजे स्क्लेरिया या लव्हाळ्याच्या गटातील वनस्पतींचे बी. दाणा जिभेने फिरवून तो चोचीच्या आत बसवायचा, खालच्या रुंद जबड्याने दाबून टरफल फोडायचे आणि गर तेवढा गिळायचा, ही त्याची रीत. स्क्लेरियाच्या एका जातीचे बी मऊ असते आणि दुसरीचे कितीतरी पट कठीण. मऊ बी मुबलक असते तोवर सगळेच ते खातात. ते संपत आले की मोठ्या चोचीचे पक्षी कठीण बियांकडे वळतात. लहान चोचीच्या पक्ष्यांना ते बी फोडणे फार जड जाते, म्हणून ते मऊ बी आणि इतर बारीकसारीक दाणे शोधत राहतात. खरी पंचाईत होते ती मधल्या मापाच्या चोचीची, कारण तिला दोन्हीकडे निभाव लागत नाही आणि अशी पिल्ले फारशी जगत नाहीत. जीवशास्त्रज्ञ थॉमस स्मिथ यांनी कॅमेरूनमध्ये या पक्ष्यांच्या पायात ओळखीसाठी कडी घालून हा निष्कर्ष काढला आणि तो १९९३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पिंजऱ्यात वाढवलेल्या पिढ्यांवरून असेही दिसले की, हा फरक जवळजवळ मेंडेलच्या वाटाण्यांसारखा, एकाच जनुकस्थानावरून (गुणसूत्रावरील जनुकाच्या एकाच जागेवरून) उतरतो आणि त्यात मोठी चोच प्रभावी ठरते, म्हणजे तिचे जनुक आई-बापांपैकी एकाकडून आले तरी चोच मोठीच होते. त्यामुळे मोठ्या चोचीच्या जोडप्यालाही लहान चोचीचे पिल्लू होऊ शकते, उलट मात्र सहसा घडत नाही. २०१८ मध्ये या फरकाचा संबंध ‘आयजीएफ-१’ या वाढीशी निगडित जनुकाशी असल्याचे आढळले. कुत्र्यांच्या लहान-मोठ्या जातींमागेही याच जनुकाचा हात आहे, हे वाचून आम्हालाही गंमत वाटली.

आपल्या चित्रसंग्रहात बहुधा नसलेली आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. कॅमेरूनमध्ये याहूनही मोठ्या चोचीचा तिसरा प्रकार आढळतो, आणि तो स्क्लेरियाच्या आणखी एका जातीचे, फारच टणक असलेले बी फोडतो.