अंधारात बसून गाणी बघायची ती कशाला?

गेल्या अंकात या सदरात मी आमच्या गटाने केलेल्या म्युझिक व्हिडिओंच्या रात्रीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. नवे, फारसे कोणी न पाहिलेले सोळा व्हिडिओ, एक मोठा पडदा, मधेमधे माझी बडबड. सगळं मिळून सव्वा तास. एवढ्याशा मजकुरावर आलेली पत्रं बघून संपादकांनी या वेळची सगळी जागा त्यालाच दिली आहे. एकाच धर्तीचे प्रश्न एकत्र केले आहेत. दोन पत्रांतला माझ्या आवडीनिवडीचा उद्धार गाळला आहे, पण वाचला आहे.

प्रश्न : सगळे व्हिडिओ फोनवर हवे तेव्हा दिसतात. मग ठरल्या वेळी एका खोलीत जमून ते बघण्यात हौसेपलीकडे काय आहे?

हौस आहेच, ती कशाला नाकारू? पण फोनवर आपण म्युझिक व्हिडिओ बघतो असं मला वाटत नाही. आपण तो लावून ठेवतो. गाणं चालू असतं आणि आपण कपड्यांच्या घड्या घालत असतो. वीस सेकंदांत काही घडलं नाही तर अंगठा पुढे सरकतो. अंधारात अंगठ्याला काम नसतं.

गेल्या खेपेला एक व्हिडिओ असा होता की त्यात कॅमेरा जागचा हलत नाही. एक खोली, एक बाई, मागे भिंतीवर घड्याळ. फोनवर तो मी तीनदा पाहिला होता आणि बाईच बघत बसले होते. त्या रात्री दुसरा अंतरा संपता संपता तिसऱ्या रांगेतून कोणीतरी "अरे, घड्याळ!" म्हणालं. घड्याळाचे काटे गाणं चालू असताना पुढे जात होते आणि मधल्या नुसत्या वाद्यांच्या तुकड्यात उलटे. तिथून पुढे कोणीही बाईकडे पाहिलं नाही. निवड माझी होती, तरी मला ते दुसऱ्याने दाखवावं लागलं.

आणि ही कल्पना काही आमची नव्हे. लंडनच्या बीएफआय साउथबँक या चित्रपटगृहात २००७ पासून 'बग' नावाने असे कार्यक्रम झाले आहेत आणि अ‍ॅडम बक्स्टन हा विनोदवीर ते रंगवतो.

प्रश्न : हल्ली प्रत्येक व्हिडिओत ड्रोन, धूर आणि रंगीत दिवे असतात. त्यातला 'कल्पक' कोणता हे तुम्ही ठरवता कसं?

माझी कसोटी जरा उद्धट आहे. व्हिडिओचा आवाज बंद करते आणि त्याच चित्रांवर भलतंच गाणं लावते. तितकंच छान चाललं, तर तो व्हिडिओ बाद. धूर कुठल्याही गाण्यावर छान दिसतो. म्हणजे करणाऱ्याने गाणं नीट ऐकलंच नव्हतं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला 'केमिकल ब्रदर्स' या संगीतकार जोडीच्या 'स्टार गिटार' या गाण्याचा व्हिडिओ आहे. २००२ चा, दिग्दर्शक मिशेल गोंद्री. जुना आहे, पण नवे व्हिडिओ दाखवण्याआधी मी तो हटकून लावते, कान साफ करायला. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा मुलूख, बस्स. गायक नाही, नाच नाही, डोळ्याला जाणवेल असा कटही नाही. पहिलं अर्धं मिनिट खुर्च्या करकरतात. मग एकेकाच्या लक्षात येतं की तो खांब ठोक्यावर येतोय. पुढचाही. एखादा नवा आवाज गाण्यात शिरला की खिडकीबाहेर नवी इमारत उगवते. आवाज गेला की इमारतही गेली. जणू रूळ स्वरलिपीवरच टाकले आहेत.

गोंद्रीने हे फ्रान्समध्ये नीम आणि वालाँस या गावांदरम्यानच्या गाडीतून दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी टिपलं आणि मग संगणकावर तुकडे एकजीव केले. पण मला त्याआधीची पायरी आवडते. कुठला आवाज कधी येतो हे पक्कं करायला त्याने संत्री, जेवणाचे काटे, कॅसेट, पुस्तकं, पेले आणि बूट ओळीने मांडून बघितले होते. गाण्याचा नकाशा म्हणून घरातला पसारा! मी वीस वर्षं एडिटिंगच्या टेबलावर काढली, माझ्या टेबलावर पसारा कमी नव्हता, पण त्याचा असा उपयोग मला सुचला नाही.

मला असा व्हिडिओ हवा असतो ज्यात करणाऱ्याने स्वतःला एका अटीत बांधून घेतलंय, आणि ती अट गाण्यातून आली आहे. 'ओके गो' या बँडने २००६ मध्ये आठ ट्रेडमिल समोरासमोर मांडल्या आणि 'हिअर इट गोज अगेन' हे अख्खं गाणं एका दमात, एकही कट न करता त्यावर नाचून काढलं. पुन्हा पुन्हा तिथेच येणाऱ्या गाण्याला तिथल्या तिथे धावायचं यंत्र! पैशांचा इथे फारसा संबंध नाही. १९६५ मध्ये बॉब डिलन एका गल्लीत उभा राहून शब्द लिहिलेले पुठ्ठे एकेक करून टाकत गेला, ते आजही लोक नकलून बघतात.

अर्थात नुसत्या कष्टांपुढेही मी कधीकधी विरघळते. 'आ-हा' या बँडच्या 'टेक ऑन मी'मध्ये (१९८५) चित्रित केलेल्या माणसांवरून पेन्सिलने सुमारे ३,००० चित्रं काढलेली आहेत, एकेक फ्रेम, म्हणजे फिल्मवरचं एकेक स्थिर चित्र, हाताने. तिथे माझी कसोटी मी गुंडाळून ठेवते.

प्रश्न : आम्हीही कॉलेजात असा कार्यक्रम केला. व्हिडिओ तेच, पडदा चांगला, आवाजही मोठा. तरी काहीतरी बेचव झालं आणि का ते कळलं नाही.

तुमच्या पत्राच्या तळाशी एक शब्द आहे: ब्लूटूथ. चोर तिथे आहे.

मला हे कळलं ते माझ्या पहिल्याच रात्री, सगळ्यांदेखत. वायर आखूड पडली म्हणून ऐन वेळी कोणीतरी बिनवायरचा स्पीकर आणला आणि मी हो म्हणाले. पहिला व्हिडिओ होता टाळ्यांचा. पन्नास हात पडद्यावर टाळी वाजवतात आणि टाळी ऐकू येते हात पुन्हा उघडायला लागल्यावर. लोकांना दोष सापडत नव्हता, ते नुसते कंटाळत होते. मी मागे उभी, कान लाल.

हिशेब असा. सिनेमाचं चित्र सेकंदाला २४ फ्रेमनी धावतं. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोके असेल तर ठोका दर अर्ध्या सेकंदाला, म्हणजे दर १२ फ्रेमना. एडिटर एकेका फ्रेमसाठी भांडतो. आणि साधा ब्लूटूथ स्पीकर आवाज पोचवायला सहज दीड-दोन दशांश सेकंद घेतो, म्हणजे चार-पाच फ्रेम. गवयाने सम गाठावी आणि तबलजीने ती अंमळ उशिरा दाखवावी, तसं. बोलपटात एवढं अंतर एखादे वेळी खपून जाईल. म्युझिक व्हिडिओचा जीवच तेवढ्यात असतो.

तेव्हा वायरच लावा. तरीही फरक राहिला, कारण काही प्रोजेक्टर चित्रही रेंगाळवतात, तर संगणकावर व्हिडिओ लावायच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये 'जे' आणि 'के' या कळांनी आवाज ५०-५० मिलिसेकंदांनी मागेपुढे सरकवता येतो. तपासायला यंत्र नको. फोनवर स्वतःचा एक टाळीचा व्हिडिओ घ्या, तोच पडद्यावर लावा आणि खोलीच्या मध्यावर उभं राहून बघा. मध्यावर अशासाठी की हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्पीकर पडद्याशी असेल तर चौदा मीटर मागे बसलेल्याला तो एक फ्रेम उशिरा पोचणारच. तेवढं निसर्गाला माफ.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. आधी सगळ्या फाइलींचा आवाज एका पातळीवर आणा. एक व्हिडिओ कुजबुजतो आणि पुढचा कानाखाली वाजवतो असं झालं की लोक तुमच्यावर चिडतात, व्हिडिओवर नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे. व्हिडिओत मागचा पाऊस स्लो मोशनमध्ये पडतो आणि गायिकेचे ओठ मात्र गाण्याबरोबर बरोबर हलतात. हे कसं करतात?

शाब्बास, मोठ्यांपैकी कोणी हे विचारलं नाही. शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने लावतात. गायिका बिचारी त्या भरधाव गाण्यावर भराभरा ओठ हलवते आणि कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेम घेतो. मग ते चित्र २४ नी दाखवलं की सगळं निम्म्या वेगाने चालतं: पाऊस संथ, केस संथ, आणि तिचे दुप्पट वेगाने हललेले ओठ बरोबर मूळ गाण्याच्या चालीत. शूटिंगच्या जागी ते गाणं चिमण्यांच्या भांडणासारखं ऐकू येतं आणि गंभीर चेहरा ठेवणं कठीण जातं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

उलटा प्रकारही आहे. 'कोल्डप्ले' या बँडच्या 'द सायंटिस्ट'च्या व्हिडिओत (२००२) जग मागे मागे जातं आणि त्यांचा गायक क्रिस मार्टिन मात्र सुलट गातो, कारण शूटिंगच्या वेळी त्याने सगळं गाणं उलट्या क्रमाने पाठ करून म्हटलं होतं. तू फोनवर एखादी ओळ रेकॉर्ड कर, उलटी वाजव, तशीच म्हणून बघ, आणि ते पुन्हा उलटं करून ऐक. पहिल्या पंधरा प्रयत्नांत हसू येईल. सोळाव्याला पत्र पाठव.

प्रश्न : परवानगी वगैरे लागते का?

लागते. घरी बघण्यासाठी घेतलेलं सदस्यत्व चार लोकांपुढे दाखवण्याची मुभा देत नाही. गाण्याची रचना एकाच्या हक्काची, ध्वनिमुद्रण दुसऱ्याच्या, चित्र बहुधा तिसऱ्याच्या. नव्या, छोट्या कलाकारांना सरळ लिहून विचारा. माझ्या अनुभवात बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात आणि चांगली फाइलही धाडतात. मोठ्या कंपन्यांना लिहायचं तर पुष्कळ आधी लिहा.

याच ओघात: सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा प्रकाश काही लोकांना फिट आणू शकतो. असा व्हिडिओ असेल तर दारावर लिहा, आणि तो सुरू होण्याआधी तोंडानेही सांगा. मी तर तो शक्यतो घेतच नाही.

प्रश्न : माझ्या मित्राच्या गाण्यावर मी केलेला व्हिडिओ तुम्ही परत पाठवलात, कारण न देता. नऊ ठिकाणी शूटिंग केलं होतं.

कारण न देणं ही माझी चूक, माफ करा. त्या आठवड्यात शंभरावर फाइली बघायच्या होत्या.

नऊ ठिकाणं हीच अडचण. छप्पर, पूल, शेत, पुन्हा छप्पर. जागा बदलते, गाण्यात मात्र तेव्हा काही बदललेलं नसतं. मी तुमच्या चित्रांवर दुसरं गाणं लावलं, चाललं.

पण १ मिनिट ५२ सेकंदांपासून पुढची अकरा सेकंद मी चार वेळा पाहिली. तुमचा मित्र लिफ्टमध्ये आहे. दार बंद होत येतं, बाहेरून एक हात मधे येतो, दार थबकतं, आणि नेमका तिथे ढोल थांबतो. दार पुन्हा उघडतं तेव्हा ढोल परत येतो. हे जमवलंत की आपोआप जमलं मला ठाऊक नाही. आपोआप जमलं असेल तरी ते ठेवताना तुम्ही गाणं ऐकत होतात.

बाकीची आठ ठिकाणं काढून टाका आणि लिफ्टमध्ये परत जा. दार प्रत्येक मजल्यावर उघडतं, बाहेर दर वेळी काहीतरी असू शकतं, आणि तुमच्या गाण्यात ढोल बऱ्याचदा थांबतो. लिफ्टमधली बटणं मी फ्रेम थांबवून मोजली, सात आहेत. ढोल कितीदा थांबतो ते तुम्ही मोजा. पुढच्या रात्रीच्या फाइली मी महिनाअखेरीपर्यंत घेते आहे.