वडाच्या जाड फांदीचं बोन्साय: गुटी बांधावी की तोडून लावावी?

अंगणातल्या वडाची मनगटाएवढी फांदी छाटायचीच आहे, मग तिच्यावर गुटी बांधू (म्हणजे फांदी झाडावर असतानाच साल काढून तिथं मुळं फोडून घेऊ) की तोडून सरळ कुंडीत लावू, असं तुम्ही विचारलंय. वड दोन्हीनं जगतो. पण बोन्सायला बुंध्याभोवती चहूबाजूंनी मुळं हवीत आणि ती गुटीतच नीट साधतात. मी तरी गुटीच बांधायला सांगेन.

दोन-तीन चांगले पाऊस झाले की सुरुवात करा. फांदी ५ सेंमी जाड असेल तर साल ८ ते १० सेंमी रुंद पट्ट्यात गोलाकार काढा. वरची कड धारदार चाकूनं एकसारखी कापा. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली येताना तिथं अडतं आणि मुळं तिथूनच फुटतात. पाणी लाकडातून वर जातच राहतं, म्हणून फांदी वाळत नाही.

साल निघाल्यावर लाकडावर बोट फिरवा, बुळबुळीत लागेल. हा थर चाकूनं खरवडून लाकूड खरखरीत लागेपर्यंत काढा. बहुतेक गुट्या इथंच फसतात: थर राहिला तर साल पुन्हा सांधते आणि मुळं फुटतच नाहीत.

चीक थांबेपर्यंत ओल्या फडक्यानं टिपत राहा. वरच्या कडेला सगळीकडून आयबीएची (मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची) पावडर लावा. वडाला ती नसली तरी चालतं. मॉस (रोपवाटिकेत मिळणारं वाळलेलं शेवाळ) तासभर भिजवून मुठीत घट्ट पिळा, एकही थेंब गळता कामा नये; फार ओलं मॉस म्हणजे कूज. गोळ्याचा मध्य वरच्या कडेवर यावा, सोललेल्या भागाच्या मधोमध नव्हे. पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीनं आवळा, वरचं जास्त घट्ट, नाहीतर पावसाचं पाणी आत उतरतं. वरून काळं प्लॅस्टिक बांधा, अधूनमधून सोडून बघता येतं.

साधारण महिना-दीड महिन्यात पांढरी मुळं दिसतील. लगेच कापू नका! जाड फांदीवर पानं भरपूर असतात, चार मुळांना ती पोसवत नाहीत. मुळं तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटले, गोळा भरला, की खालून करवतीनं कापा. निम्मी पानं काढा, मॉस न सोडवता लावा आणि बुंधा कुंडीला बांधून टाका, कारण हलला की कोवळी मुळं तुटतात. तीन-चार आठवडे सावलीत ठेवा.

फांदी आजच तोडावी लागणार असेल तर ३०-४० सेंमीचा तुकडा घ्या. सगळी पानं काढा, चीक धुवा, वरच्या टोकाला मेण किंवा बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा आणि एक तृतीयांश भाग जाड वाळूत पुरा. कोंब लवकर येतील, पण ते फांदीतल्या साठ्यावर येतात, खाली मुळं असतीलच असं नाही. म्हणून पावसाळा संपेपर्यंत उपटून बघू नका. मुळं मात्र बऱ्याचदा एकाच बाजूला येतात.